प्रिंटरची तुंबलेली शाई आणि थोडा यत्नाचार



करोनाच्या काळात पाठशाळा मोबाईलवर गेली आणि आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरात प्रिंटर आला. मुलांचे प्रश्नसंच, रंगवायची चित्रं, पूजेच्या साहित्याची यादी, सगळं घरीच छापून व्हायला लागलं. पुढे पाठशाळा परत मंदिरात भरायला लागली, प्रिंटर मात्र टेबलावर रुमालाखाली झाकून राहिला. मग कधीतरी घाईच्या वेळी कागद घालावा, तर अक्षरांतून पांढरे पट्टे! "बिघडला," म्हणून आपण मोकळ्या होतो. मला आज सांगायचं आहे ते एवढंच की बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो, तुंबलेला असतो. आणि तुंबलेलं सोडवायला जोर लागत नाही. ओलावा लागतो आणि वेळ लागतो.

आमच्या घरी प्रिंटरचं मुख्य काम म्हणजे सासूबाईंचा स्वाध्याय. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, पण वयामुळे पुस्तकातली बारीक अक्षरं त्यांना लागत नाहीत. म्हणून भक्तामराचे ४८ श्लोक, तत्त्वार्थसूत्राचे १० अध्याय, रोजचे पाठ असं सगळं मी संगणकावर मोठ्या अक्षरात करून छापून देते. एका पानावर दोनच श्लोक. त्या चष्मा लावून, बोट ठेवून, एकेक अक्षर वाचतात. पाठ असलं तरी बघून वाचतात, कारण उच्चार चुकलेला त्यांना चालत नाही.

यंदा उन्हाळ्यात मी लेकीकडे बाळंतपणाला पाच आठवडे पुण्यात होते. परत शेळगावला आले आणि श्रुतपंचमीसाठी नवी पानं काढायला बसले. पानं आली, पण प्रत्येक ओळीतून एक पांढरी रेघ आडवी गेलेली. सासूबाईंनी पान डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाल्या, "अगं, अनुस्वार कुठं गेले सगळे?" खरंच, रेघ नेमकी अक्षराच्या डोक्यावरून गेली होती आणि ठिपके पुसले होते. मराठीत अनुस्वार गेला तर आपण अंदाजानं वाचतो. संस्कृत-प्राकृतात ठिपका गेला की शब्दच बदलतो. अर्धवट पान त्यांच्या हातात देणं मला पटेना.

दुरुस्तीवाल्यांना फोटो पाठवला. "हेड गेलं काकू. नवीन टाकण्यापेक्षा प्रिंटरच नवीन घ्या," असं उत्तर आलं. त्यांनी सांगितलेला आकडा नव्या यंत्राच्या अर्ध्याहून जास्त होता. कॉमर्स शिकलेल्या बाईला घसारा कळतो, पण पुस्तकात किंमत शून्य झाली म्हणजे वस्तू निकामी झाली असं नव्हे, हेही कळतं. म्हणून आधी हेड म्हणजे काय ते समजून घेतलं.

प्रिंटरच्या आत डावी-उजवीकडे धावणारा जो भाग आहे, त्याच्या खालच्या अंगाला प्रिंट हेड असतं. त्यात शाई बाहेर पडण्याची शेकडो भोकं असतात, त्यांना नोझल म्हणतात. एकेक भोक आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही बारीक. शाई बाहेर फेकण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत भोकामागे इवलासा हीटर असतो. तो क्षणात तापतो, शाईचा बुडबुडा होतो आणि थेंब बाहेर ढकलला जातो. एचपी आणि कॅननचे घरगुती प्रिंटर या जातीचे. दुसऱ्या रीतीत वीज दिली की वाकणारा एक स्फटिक असतो, तो थेंब दाबून काढतो. एप्सन आणि ब्रदरचे प्रिंटर या जातीचे. पहिल्या जातीत पुष्कळदा हेड कार्ट्रिजलाच चिकटलेलं असतं किंवा काढता येतं. दुसऱ्या जातीत ते यंत्रात पक्कं बसवलेलं असतं. आपला कुठला आहे ते माहितीपुस्तकात बघून घ्या, कारण साफ करायची पद्धत त्यावर ठरते.

शाईत पाणी असतं, रंग असतो आणि ती लवकर सुकू नये म्हणून घातलेली ग्लायकॉलसारखी द्रव्यं असतात. पाणी उडून गेलं की उरलेलं घट्ट होऊन भोकाच्या तोंडाशी चिकटतं. हे वाचताना मला तत्त्वार्थसूत्राच्या वर्गात ऐकलेला कषायाचा अर्थ आठवला. वडासारख्या झाडाच्या चिकामुळे कापडावर रंग पक्का बसतो, तसा कषायामुळे कर्म आत्म्याला चिकटतं, असं टीकाकार समजावतात. चिकटलेलं हिसका देऊन निघत नाही, हे दोन्हीकडे खरं.

आपल्या बारामती-इंदापूर भागात मे महिन्याची हवा कोरडी. तशात यंत्र महिनाभर बंद. शिवाय आणखी एक कारण आहे, ते खेड्यातल्या बायकांनी लक्षात ठेवावं. छपाई संपली की हेड उजवीकडच्या कोपऱ्यात एका रबरी कडेच्या डबीवर जाऊन बसतं. ती डबी म्हणजे त्याचं झाकण. प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबून बंद केला तरच हेड नीट झाकून बसतं. भिंतीवरचं बटण आधी बंद केलं, किंवा छापताना मध्येच लाईट गेली, तर हेड उघडंच राहतं आणि वाळतं. म्हणून लाईट आली की प्रिंटर एकदा चालू करून, हेड जागेवर जाऊ द्यायचं आणि मग त्याच्या बटणानं बंद करायचा.

आता साफ करायचा क्रम सांगते.

हात लावण्याआधी टाकीत शाई आहे ना, ते बघा. मग प्रिंटरच्या मेन्यूतून नोझल चेकचं पान काढा. त्यावर रेघांची जाळी येते. रेघा दर वेळी त्याच जागी तुटत असतील, तर भोक तुंबलं आहे. तुटण्याची जागा दर वेळी बदलत असेल, तर नळीत हवा शिरली असण्याची शक्यता जास्त. तेव्हा यंत्राला काही तास स्वस्थ राहू द्यावं.

आपल्या घरांसाठी एक खास सूचना. चाचणीचं पान म्हणून णमोकार मंत्र किंवा स्तोत्र कधी छापू नका. चाचणीची पानं शेवटी रद्दीत जातात, आणि पवित्र अक्षरांचा असा अविनय आपल्या हातून होऊ नये. नोझल चेक काढा, नाहीतर बाराखडी छापा.

मेन्यूतच "हेड क्लीनिंग" असतं. ते एकदा करा, फार तर दोनदा. फरक पडला नाही तर रात्रभर थांबून सकाळी पुन्हा एकदा. लागोपाठ दहा वेळा करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. प्रत्येक वेळी शाई ओढली जाऊन आतल्या एका स्पंजात जाते. शाई संपते, आणि तो स्पंज भरला की यंत्र स्वतःहून बंद पडतं. तुंबण्याचा खर्च एकीकडे, हा वाढीव खर्च दुसरीकडे.

एवढ्यानं झालं नाही, तरच हातानं साफ करायचं.

साहित्य थोडंच लागतं: डिस्टिल्ड वॉटर, रबरी हातमोजे, चष्मा पुसायच्या कापडासारखं तंतू न सुटणारं कापड, टिश्यू पेपर, जुनी वर्तमानपत्रं आणि एक बशी. बशी कायमची प्रिंटरची करून टाका, ती परत स्वयंपाकघरात जाता कामा नये. पाणी गाळायच्या कापडाचा तुकडाही यासाठी घेऊ नका.

पाण्याबद्दल बऱ्याच जणी विचारतील, "आपलं गाळून उकळलेलं पाणी चालेल का?" नाही चालणार. गाळण्यानं जीव आणि कचरा वेगळा होतो, पण विरघळलेले क्षार गाळण्यानं जात नाहीत आणि उकळण्यानेही सगळे जात नाहीत. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं पातेल्याला जो पांढरा थर बसतो, तोच थर केसाहून बारीक भोकात बसला तर काय होईल! डिस्टिल्ड वॉटर म्हणजे वाफ थंड करून मिळवलेलं पाणी, त्यात क्षार नसतात. औषधाच्या दुकानात मिळतं. गॅरेजमधून आणलं तर बाटली सीलबंद आणि पाण्याचीच आहे याची खात्री करा, बॅटरीचं ॲसिड वेगळं असतं. नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, पेट्रोल, व्हिनेगर यांतलं काही वापरू नका. प्लॅस्टिक आणि आतली चिकटवण त्यानं खराब होते, आणि पेट्रोल-थिनरला आगीचाही धोका.

झाकण उघडल्यावर लगेच हात घालू नका. महिनाभर बंद असलेल्या यंत्रात कोळी, मुंग्या, झुरळाचं पिल्लू असू शकतं. मी बॅटरीच्या उजेडात आधी नीट बघते आणि मऊ ब्रशनं हळूच बाहेर काढते. मुनिमहाराजांची आदान-निक्षेपण समिती आपण ऐकतो, वस्तू उचलताना-ठेवताना बघून, झाडून. श्रावकाच्या घरात ती प्रिंटरपाशीही थोडी पाळता येते.

काढता येणारं कार्ट्रिज असेल तर काम सोपं. प्रिंटरच्या सूचनेप्रमाणे ते बाहेर काढा. त्याच्या एका अंगाला सोनेरी ठिपक्यांची पट्टी असते, ती विजेची. तिला बोट लावायचं नाही आणि पाणीही लागू द्यायचं नाही. खालच्या तोंडाशी नोझल असतात. बशीत दोन-तीन मिलिमीटर एवढंच कोमट डिस्टिल्ड वॉटर घ्या. कोमट म्हणजे हाताला सोसेल असं, उकळतं नव्हे. त्यात फक्त तोंड बुडेल असं कार्ट्रिज पाच-दहा मिनिटं ठेवा. पाण्यात शाईची धार उतरताना दिसेल. मग टिश्यूच्या घडीवर तोंड नुसतं टेकवा, घासू नका. रंगांचे पट्टे स्वच्छ उमटले की समजा मोकळं झालं. सोनेरी पट्टी पूर्ण कोरडी आहे हे बघूनच परत बसवा.

पक्कं बसवलेलं हेड असेल, जसं आमचं आहे, तर ते जागेवरच भिजवायचं. प्रिंटर चालू करून छापायची आज्ञा द्या, आणि हेड कोपऱ्यातून बाहेर आलं की भिंतीवरचं बटण बंद करून प्लग काढा. एरवी असं करू नये म्हणून वर सांगितलं, ही एक वेळ अपवादाची. प्लग निघाल्याशिवाय हात आत जाता कामा नये. आता हेड हातानं हळूच सरकतं. आत एक पातळ पारदर्शक पट्टी ताणून बसवलेली असते आणि एक पांढरी चपटी केबल असते. पट्टीवरून यंत्राला हेड कुठे आहे ते कळतं. शाईचं किंवा वंगणाचं बोट तिला लागलं तर नवीनच दुखणं सुरू होईल. त्या दोन्हींना हात लावू नका.

कापडाची दोन-तीन पदरांची अरुंद घडी करा. जाड घडी हेडला वर ढकलते, म्हणून पातळच. डिस्टिल्ड वॉटरनं ओली करा, पण थेंब गळता कामा नये. ती हेडच्या वाटेत सपाट ठेवा, हेड हळूच तिच्यावर आणा आणि रात्रभर राहू द्या. मधल्या वेळात हेड बसतं त्या डबीच्या स्पंजावर आठ-दहा थेंब पाणी टाका आणि तिची रबरी कड ओल्या कापडानं पुसून घ्या. पुष्कळदा खरा दोष तिथेच असतो. कडेवर शाई सुकलेली असेल तर झाकण घट्ट बसत नाही, हवा शिरते आणि यंत्रानं कितीही ओढलं तरी शाई ओढली जात नाही.

सकाळी हेड बाजूला सरकवून घडी काढा आणि हेड परत त्याच्या कोपऱ्यात न्या. यंत्र कोरडं होऊ द्या. घाई करून ओल्या यंत्राला वीज दिली तर शॉर्ट होऊन आतला बोर्ड जळतो, आणि मग दुरुस्तीवाले म्हणतात तेच खरं होतं. नीट वाळल्यावर प्लग लावा, मेन्यूतून एकदाच क्लीनिंग करा आणि नोझल चेक काढा.

सिरिंजनं जोरात पाणी मारायचा सल्ला पुष्कळ जण देतात. मी तो घेतला नाही. हेडच्या आतले पडदे फार नाजूक असतात, दाबानं फाटू शकतात. टाचणी, सुई, टूथपिक तर कधीच नको. भोकाची कड एकदा ओरखडली की थेंब वाकडाच पडतो आणि तो दोष कुठल्याही धुण्यानं जात नाही. हेड गेलं असं आपण म्हणतो, त्यातली कितीतरी हेडं शाईनं नव्हे, अशा घाईनं जात असणार.

आमच्याकडे पहिल्या रात्रीनंतर काळ्या रेघा निम्म्या आल्या. नातू म्हणाला, "आजी, आता जोरात घास." मी त्याला म्हटलं, "कुकरचा करपलेला तळ आपण काय करतो? भिजत घालतो ना?" दुसऱ्या रात्री पुन्हा तसंच केलं, नवी घडी, नवं पाणी. तिसऱ्या सकाळी काळ्या रेघा सगळ्या अखंड होत्या. निळ्यातली एक रेघ अजून तुटकी आहे. सासूबाईंची पानं काळ्यातच असतात, म्हणून ती रेघ मी तशीच सोडली. परिपूर्णतेच्या हट्टापायी चांगलं चाललेलं बिघडवू नये.

श्रुतपंचमीच्या आधी हे झालं याचं मला विशेष वाटलं. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आपण ग्रंथांची वेष्टनं बदलतो, पानं झटकतो, जिनवाणीची पूजा करतो. आचार्य पुष्पदंत आणि भूतबली यांनी षट्खंडागम लिपिबद्ध केल्याची ती आठवण. त्याची धवला टीका कित्येक शतकं मूडबिद्रीच्या ताडपत्रांतच होती. तिचा पहिला छापील खंड डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ मध्ये आपल्या अमरावतीहून निघाला, आणि असे १६ खंड झाले. आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेनं हे सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरले गेले, ते इथून जवळ फलटणला आहेत. आणि एक काळ असाही होता की शास्त्र छापायलाच आपल्या समाजात कडाडून विरोध होता, कारण छापखान्यात अविनय होईल अशी भीती होती. सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशींसारख्यांनी तो विरोध सोसून छपाईची बाजू घेतली. तेव्हा कुठे शास्त्र घराघरात, बायकांच्या हातात आलं. वाळवी लागू नये म्हणून कुणी तांब्यावर अक्षरं कोरली, तर आपण एका ठिपक्यासाठी दोन रात्री थांबायला काय हरकत आहे?

वापरलेल्या पाण्याचंही सांगते. शाईचं पाणी झाडाला, विहिरीत किंवा मोरीत ओतू नका. चमचाभरच असतं, जुन्या वर्तमानपत्रात शोषून, वाळवून सुक्या कचऱ्यात टाका. आणि तीन वेळा भिजवूनही एक रेघ हलली नाही, तर थांबा. मग दोष शाईचा नसून विजेचा असू शकतो, तिथे पाण्याचं काम नाही. यंत्र टाकायचंच झालं तर भंगारात तोडायला देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत प्रिंटर आणि कार्ट्रिज दोन्ही येतात. अधिकृत संकलन केंद्रातच द्या. उघड्यावर प्लॅस्टिक आणि तारा जाळल्या की किती जीवांची हिंसा होते, ते वेगळं सांगायला नको.

आता दर रविवारी पूजेनंतर मी एक छोटं रंगीत पान काढते, बाराखडीचं, चारी रंग येतील असं. तेवढ्यानं नोझल ओले राहतात. प्रिंटर पंख्याच्या झोतातून आणि खिडकीच्या उन्हातून हलवला, वर कापड घातलं. सासूबाईंची तत्त्वार्थसूत्राची पानं सहाव्या अध्यायापर्यंत झाली आहेत. आस्रवाचा अध्याय. पुढचे चार चातुर्मास लागायच्या आत काढायचे आहेत.

तुमच्याही घरी रुमालाखाली प्रिंटर असेल तर या आठवड्यात एक नोझल चेक काढून बघा. दशलक्षण पर्वाच्या आदल्या रात्री कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

जय जिनेंद्र.